बूड दाखवा

उपडं करून पाहिल्याशिवाय भांडं घेऊ नये, हे बाजारात मडकं घेणाऱ्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. ती टिचकी मारते, कान देते, बुडावरून हात फिरवते आणि मग भाव विचारते. ब्रिटिश स्टुडिओ पॉटरीच्या, म्हणजे छोट्या कार्यशाळांत हाताने केलेल्या भांड्यांच्या, लिलावात नेमकी हीच तपासणी सर्वांत अवघड झाली आहे. कॅटलॉगमध्ये भांड्याचा समोरून काढलेला फोटो असतो, मागे राखाडी पडदा असतो, उंची सेंटीमीटरमध्ये दिलेली असते. वजन बहुधा दिलेलं नसतं. बूड दाखवलंच तर तिथला कुंभाराचा किंवा भट्टीचा शिक्का वाचता यावा एवढ्यापुरतं. कुंभारवाड्यासारख्या, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला लागून असलेल्या गावातून बोली लावणाऱ्याला या फोटोंपलीकडे काही हाती लागत नाही. त्यात वयामुळे माझ्या बोटांची जाण मंदावली आहे. काठाची जाडी अंगठ्याला आपोआप कळायची, ती आता थांबून तपासावी लागते. हाताचा भरवसा कमी झाल्यावर डोळ्याने नेमकं काय शोधायचं, हा प्रश्न टाळता येत नाही. माझं उत्तर असं, की स्टोनवेअरच्या, म्हणजे मोठ्या आचेवर भाजून घट्ट केलेल्या, भांड्याचा खरा पुरावा त्याच्या बुडात असतो आणि शिक्का हा त्यातला सर्वांत कच्चा भाग आहे. लिलावाने शिक्क्याला जी किंमत दिली ती बुडाला दिली असती, तर इंग्लंडातले संग्रह वेगळे झाले असते आणि आपल्या कुंभारांकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

बुडाशी ग्लेझचा काचेसारखा लेप संपतो आणि माती उघडी राहते, म्हणून तिथे लपवायला जागा उरत नाही. मातीत लोह किती होतं ते बुडाच्या कडीच्या, म्हणजे भांडं ज्यावर टेकतं त्या वर्तुळाच्या, भाजलेल्या रंगावरून समजतं. भट्टीत हवा कोंडून भाजलं की मोकळी सोडून, याचा अंदाज ग्लेझच्या शेवटच्या रेषेशी उमटलेल्या तांबूस पट्ट्यावरून येतो. भांडं चाकावरून तारेने कापून तसंच सोडलं असेल तर शिंपल्यासारख्या वळ्या राहतात. वाळल्यावर पुन्हा चाकावर उपडं ठेवून खरवडलं असेल तर हत्याराच्या फेऱ्या दिसतात. त्या फेऱ्या कुठे थांबल्या यावरून करणाऱ्याची घाई, सवय आणि जाण कळते. कडीला आतून दिलेला उतार बाहेरच्या पोटाच्या वळणाशी जुळतो का, हे तर मी सर्वांत आधी बघतो. जुळत असेल तर करणाऱ्याने भांडं आतून-बाहेरून एकच धरलं होतं. जुळत नसेल तर वरचं सौंदर्य वेगळं आणि खालची बैठक वेगळी, असे दोन तुकडे झाले. शिवाय वापराची झीज असते. रोज टेबलावर सरकलेल्या वाडग्याची कडी गुळगुळीत होते, तीही सगळीकडे सारखी नाही. कपाटात पन्नास वर्षं बसलेल्या वाडग्याची कडी खरखरीत राहते. ही झीज खोटी करणं शक्य आहे, पण त्यासाठी लागणारा धीर खोटं करणाऱ्याकडे क्वचित असतो.

आता शिक्क्याकडे वळू. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी १९२० साली कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज इथे भट्टी सुरू केली, तेव्हापासून या क्षेत्रात शिक्क्याचं महत्त्व वाढत गेलं. भट्टीचा शिक्का वेगळा, लीचचा स्वतःचा वेगळा. तिथल्या शिकाऊ कुंभारांनी हजारोंनी केलेली घरगुती भांडी, म्हणजे सुरया, झाकणाची सुगडी, वाडगे, फक्त भट्टीच्या शिक्क्याने गेली आणि आजही लिलावात स्वस्तात मिळतात. शेजारी लीचचा शिक्का असला की भाव कितीतरी पटींनी चढतो. पण तो शिक्का कशाची साक्ष देतो? विल्यम मार्शल १९३८ साली त्या भट्टीत आले आणि पुढे अनेक वर्षं तिथले मुख्य कारागीर होते. उतारवयातल्या लीचच्या मोठ्या भांड्यांपैकी बरीच मार्शलनी चाकावर उभी केली. आराखडा आणि सजावट लीचची. हे कुणी लपवून ठेवलेलं नाही, भट्टीची ती रीतच होती. पण मग अशा भांड्यावरचा शिक्का हात कुणाचा हे सांगत नाही, मान्यता कुणाची एवढंच सांगतो. दुसरं उदाहरण याहून कठोर आहे. १९८०च्या सुमारास इंग्लंडमधल्या फेदरस्टोन तुरुंगात मातीकामाच्या वर्गातल्या कैद्यांनी लीचच्या शैलीची भांडी केली, त्यांवर लीचचा शिक्का उठवला, आणि ती लीचची म्हणून लिलावात विकली गेली. शिक्का कोरायला एक दुपार पुरते. सेंट आइव्हजच्या मातीचं मिश्रण, तिथल्या भट्टीचं भाजणं आणि कडी खरवडण्याची सवय उचलायला वर्षं लागतात. बोली लावणाऱ्यांची नजर आधी बुडावर आणि मग शिक्क्यावर गेली असती, तर ती फसवणूक इतकी पुढे गेली नसती असं मला ठामपणे वाटतं.

हमादाची गोष्ट याच्या उलट आहे. जपानला परतून माशिको इथे स्थिरावल्यावर त्यांनी भांड्यांवर शिक्का उठवणंच सोडलं. आपलं उत्तम भांडं आपलं म्हणून ओळखलं जाईल आणि फसलेलं दुसऱ्याच्या नावावर गेलं तरी बिघडत नाही, असा त्यांचा विचार सांगितला जातो. बाजाराने यावरही तोड काढली. भांड्यावर सही नाही, तर ते ज्या लाकडी खोक्यातून आलं त्या खोक्यावरची सही मोजली जाऊ लागली. भांडं समोर असताना खोकं पुरावा ठरतं, याहून विपरीत काय असेल! या व्यवहारात जे लोक भांडी ‘गुंतवणूक’ म्हणून घेतात आणि न उघडता गोदामात ठेवतात, त्यांच्याबद्दल मला आदर नाही. ते किंमत वाढवतात आणि नजर घटवतात. बोलीची वही भरून जाते, पण पाणी ओतून सुरईची धार कशी तुटते हे बघणारा माणूस त्या खोलीत उरत नाही.

बुडालाच खरा पुरावा मानण्यावर पहिला आक्षेप ल्यूसी री आणि हान्स कोपर या कुंभारांच्या नावाने येतो. री १९३८ साली व्हिएन्नाहून लंडनला आल्या, कोपर १९४६ साली त्यांच्या कार्यशाळेत दाखल झाले. या दोघांच्या कामात व्यक्तीची प्रतिभा इतकी स्पष्ट आहे, की करणारा बाजूला ठेवून भांड्याचा विचार करणं अन्यायाचं होईल, असं म्हटलं जातं. कोपरच्या काही भांड्यांना प्रत्येकी लाखाहून अधिक पौंड मिळाले आहेत. आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. रीचा वाडगा ओळखायला शिक्का लागत नाही. एवढ्याशा बैठकीवरून उघडत गेलेलं ते पोट, कच्च्या भांड्यावर ग्लेझ लावून विजेच्या भट्टीत एकदाच भाजल्याने ग्लेझ आणि माती यांचा झालेला घट्ट मेळ, हे सगळं बूड दाखवल्याबरोबर दिसतं. दोघांनी मिळून केलेल्या टेबलावरच्या भांड्यांवर दोघांचेही शिक्के आढळतात; त्यात कोणाचा हात कुठे, हे ठरवायला पुन्हा भांड्याकडेच जावं लागतं. प्रतिभा जितकी मोठी, तितकी शिक्क्याची गरज कमी. शिक्का लागतो तो मध्यम कामाला मोठं नाव देण्यासाठी.

तरीही एक अडचण सुटत नाही, आणि मी तिच्याभोवती फिरत राहतो. ती वजनाची. लिलावगृहाने बुडाचा उत्तम फोटो पाठवला, तरी वजन फोटोत येत नाही. वजन विचारून घेता येतं, आणि त्यावरून हिशेब मांडता येतो. समजा २० सेंटीमीटर उंचीचं, १२ सेंटीमीटर व्यासाचं सरळ उभं भांडं आहे. भाजलेल्या स्टोनवेअरची घनता २.३च्या आसपास धरली आणि भिंत अर्धा सेंटीमीटर जाड असेल, तर ते साधारण एक किलो भरेल. भिंत सात मिलिमीटर असेल तर १.३ किलोच्या घरात जाईल. सांगितलेलं वजन यापेक्षा बरंच जास्त असेल तर माती कुठेतरी उरली आहे हे नक्की. पण कुठे? इथेच हिशेब थांबतो. बुडाशी उरली असेल तर भांडं उचलताना खाली ओढतं, मनगटाला ते लगेच खटकतं. काठाकडे मुद्दाम राखली असेल तर तेच वजन आधार वाटतं. एकाच वजनाच्या दोन सुरया हातात पूर्णपणे वेगळ्या असू शकतात, आणि चांगल्या कुंभाराचं सगळं कसब याच वाटपात असतं. कडीची उंची, कान चिकटवलेली जागा, पोटाचा सर्वांत फुगीर भाग मध्याच्या वर आहे की खाली, यांवरून अंदाज बांधता येतो. मी तो बांधतोच, आणि बहुतेकदा बरोबर येतो याचा मला अभिमानही आहे. पण वाटपाचा अंदाज हा अंदाजच राहतो. त्या ज्ञानाला हाताशिवाय दुसरी वाट नाही, आणि दुरून होणाऱ्या लिलावाने तेवढंच ज्ञान खरेदीतून काढून टाकलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. कुंभारवाड्यात बसून इंग्लंडातली भांडी कशाला जमवायची, शेजारच्या खानापूर तालुक्यात कुंभार नाहीत का? आहेत. खानापुरात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही आहे. आक्षेप घेणारा एक गोष्ट विसरतो. स्टुडिओ पॉटरी ही इंग्लंडची एकट्याची मिळकत नाही. लीच जपानमध्ये ज्या वर्तुळात शिकले, त्याच वर्तुळात त्याच सुमारास भारतीय कुंभार गुरचरण सिंग होते. त्यांनी पुढे दिल्लीत भट्टी उभी केली. देवी प्रसाद १९४४ साली शांतिनिकेतनातून सेवाग्रामला आले आणि वर्ध्याजवळच्या या गावातल्या शाळेत मुलांसाठी मातीकाम हे शिक्षणाचं अंग झालं. चित्रपटकार आनंद पटवर्धन यांच्या आई निर्मला पटवर्धन यांनी १९८४ साली कुंभारांसाठी इंग्रजीत हस्तपुस्तिका लिहिली, ग्लेझच्या कृतींसकट. त्यामुळे लीचचा वाडगा बघायला शिकलेली नजर परकी नाही. हाताने केलेल्या रोजच्या भांड्याकडे कलाकृतीइतक्या बारकाईने बघावं, हे त्या परंपरेने सांगितलं. ती नजर खानापूरच्या माठावर वळवायला कुणी अडवलेलं नाही. मात्र आपण ती वळवली नाही, हे आक्षेपातलं सत्य मला मान्य आहे. मुंबईचंच उदाहरण घ्या. १८७०च्या दशकात सर ज. जी. कला शाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली ग्लेझची भांडी होऊ लागली, अजिंठ्याच्या नक्षीने सजलेली. ती आज ब्रिटिश लिलावांत येतात. त्यांच्या बुडावर बहुधा शाळेचं किंवा टेरींच्या कारखान्याचं नाव असतं. चाकावर कोण बसलं होतं ते बहुतेक भांड्यांवर लिहिलेलं नाही, आणि कॅटलॉगही तो प्रश्न विचारत नाही.

शिक्का बघून भांडी घेण्याला पर्याय होता, आणि तो इंग्लंडातच एका माणसाने करून दाखवला. वेकफील्डचे ग्रंथपाल डब्ल्यू. ए. इस्मे यांनी १९५५पासून २००१ साली मृत्यू येईपर्यंत पाचशेहून अधिक कुंभारांची ३,६००च्या वर भांडी जमवली, तीही ग्रंथपालाच्या पगारात, एका छोट्या घरात. बहुतेक थेट कुंभारांकडून आणि प्रदर्शनांतून, हातात धरून घेतलेली. त्यांनी ती वापरली, आणि कागदपत्रं, पावत्या, पत्रव्यवहार जपून ठेवला. तो संग्रह आज यॉर्कमध्ये आहे आणि ब्रिटिश स्टुडिओ पॉटरीचा इतिहास लिहिणाऱ्याला तो वगळता येत नाही. नामांकित आणि अनोळखी, दोन्ही कुंभार त्यात शेजारी बसले आहेत. लिलावाने असा संग्रह होऊ शकला नसता, कारण लिलाव ज्याला नाव नाही त्याला ‘इतर’ म्हणून एका पेटीत भरतो.

म्हणून दोन मागण्या. लिलावगृहांनी प्रत्येक स्टोनवेअर भांड्याच्या संपूर्ण बुडाचा फोटो आणि ग्रॅममधलं वजन छापावं. याला फारसा खर्च येत नाही आणि खोटं विकणाऱ्याची अडचण वाढते. दुसरी मागणी वाचकाला. खानापूर, बेळगाव, गोवा, सावंतवाडी, कुठेही कुंभाराकडून भांडं घ्याल तेव्हा ते उपडं करून बघा, करणाऱ्याचं नाव विचारा, माती कुठली आणि भाजलं कधी ते विचारा, आणि एका चिठ्ठीवर लिहून भांड्यात ठेवा. नाव बुडावर कोरलेलं नसलं तरी चालेल. ते कुठेतरी लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ते आज लिहिता येतं, कारण करणारा अजून समोर बसलेला आहे.