काकीचा पीळ

भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, तीही गडचिरोलीत. 26 ऑगस्ट 1982 ला हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला, तेव्हा मी नुकताच कनिष्ठ महाविद्यालयात रुजू झालो होतो. दरवर्षी एक धडा आला की पोरं अडायची. मराठी शाळेत त्यांनी परिवलन आणि परिभ्रमण वेगवेगळं पाठ केलेलं असायचं. इंग्रजी पुस्तकात मात्र पृथ्वीही 'स्पिन' करते, फिरकी गोलंदाज चंद्रशेखरचा चेंडूही, इलेक्ट्रॉनही आणि चरख्यावर बसलेली बाईही. मी या शेवटच्या अर्थापासून सुरुवात करायचो. खिशातून टकळी काढायचो आणि वर्गासमोर फिरवायचो. ती फिरवायची अक्कल मला सावलीच्या काकीने दिली.

सावली म्हणजे मूलहून गडचिरोलीकडे निघालं की वैनगंगा लागण्याआधीचं गाव. काकी आमची शेजारीण, नात्याची नव्हे. तिची आईही सूतच कातायची. 1936 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत भरलं आणि स्वतः गांधीजी मुक्कामाला होते, तेव्हा काकी परकर नेसणारी पोर होती. त्या गर्दीत तिने पाणी वाहिलं होतं. एवढंच ती सांगायची, त्याचा मोठेपणा मिरवायची नाही.

मी सातवीत असताना वडील गेले. आई रोवणीला, निंदणाला जायची आणि शाळा सुटली की मी काकीच्या सपरीत. उजव्या हाताने चरख्याचं चाक, डाव्या हातात कापसाचा पेळू. डावा हात चाकाने फिरणाऱ्या चातीपासून मागे मागे सरकायचा आणि चिमटीतून कापूस धागा होऊन निघायचा. हात पुरता लांबला की चाक जरासं उलटं, टोकावरचा धागा सुटला की पुन्हा सुलटं, आणि तेवढा धागा चातीवर बसायचा. मला बसवलं की धागा तटकन तुटायचा. "ओढू नोको बाबू, येऊ दे," एवढंच ती म्हणायची. पीळ कमी पडला की तंतू एकमेकांवरून घसरतात, जास्त झाला की धागा आखडून त्याचे फासे पडतात. तुटलेलं टोक पेळूला नुसतं टेकवायचं, फिरती चात ते आपणच सांधून घेते. घर्षण आणि ताण हे शब्द मला पुढे कॉलेजात भेटले, पण बोटांना ते आधीच ठाऊक होते.

टकळीचंही तसंच. दांडी बारीक, खाली जड चकती. "वजन काठाला पाह्यजे, मंग ते लवकर थकत नाही," ती म्हणायची. जडत्व आघूर्ण याहून सोपं करून मी कुठल्याच वर्गाला सांगू शकलो नाही.

मॅट्रिकच्या परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली, त्या वर्षी धानाने दगा दिला होता. घरात पैसा नव्हता. काकीने गुंड्या साठवल्या होत्या. चार फुटांचा एक तार, असे 640 तार म्हणजे एक गुंडी, पाऊण किलोमीटरहून अधिक धागा. त्या सुताच्या बदल्यात ती खादी भांडारातून लुगड्याचं कापड घेणार होती. तिने रोख पैसे घेतले आणि आईच्या हातात ठेवले. मला हे आईने फार वर्षांनी सांगितलं, काकी गेल्यावर. ते ऐकल्यापासून मी हिशेब करतो, तो पैशांचा नाही. चाकाच्या एका फेऱ्यात चात कितीतरी वेळा फिरते, आणि माझ्या परीक्षेसाठी ते चाक किती फिरलं असेल, याचा.

चरख्याविषयी पुष्कळ भक्तिभावाने बोललं जातं. काकीला कुणी म्हटलं की बाई, तुम्ही देशाची सेवा करता, तर ती मजुरीचा दर विचारायची. तिचं बरोबर होतं. चरखा संघाने 1935 मध्येच ठरवलं होतं की कातणाऱ्या बाईला पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. गांधीजींचा त्यासाठी आग्रह होता. स्वस्त खादी विकून कातणारीला उपाशी ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. माझ्या लेखी खादीच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा ठराव आहे, आणि तो फार कमी लोकांना आठवतो.

हा चरखा संघ 1925 सालचा, पाटण्यात स्थापन झालेला. त्याच वर्षी हॉलंडमध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला 'स्पिन' असतो असं मांडलं. हे मी वर्गात मुद्दाम सांगायचो. आणि हेही सांगायचो की इलेक्ट्रॉन खरोखर चातीसारखा गरगरत नाही, शब्द तेवढा उसना घेतला आहे. मग धाग्याकडे वळायचो. आरमोरीकडची ढिवरांची मुलं ऐनाच्या झाडावरचे कोसे घेऊन यायची. कोशाचा धागा अळीने स्वतःभोवती गुंडाळलेला, लांबच लांब. तो सोड्याच्या पाण्यात शिजवून उलगडायचा असतो. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, पीळ दिला नाही तर त्याचा धागाच होत नाही. दोन्ही टेबलावर ठेवले की धानोऱ्याच्या, एटापल्लीच्या वसतिगृहातली अबोल पोरंही हात पुढे करायची. त्यांचा धागा तुटला की मी काकीच्याच बोलीत म्हणायचो, ओढू नोको.

तिच्या लेकीला मी ते फॉर्मचे पैसे देऊ केले होते. तिने घेतले नाहीत, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. आता कुठेही खादीचं कापड घेताना मी भावाची घासाघीस करत नाही. कातणारीला यातले किती मिळतात, एवढं विचारतो. दुकानदाराला बहुतेक वेळा ते सांगता येत नाही. तरी विचारतो, आणि सोबत माझे जुने विद्यार्थी असले तर त्यांनाही विचारायला लावतो.