हबेस, आर्या

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. आम्ही एक सोडून सगळे निवृत्त, आम्हाला रोजचीच सुट्टी. तरी भेटायचं ते गुरुवारीच. बोट सोडल्यावर आम्हा बहुतेकांचं उरलेलं आयुष्य भोसरी-चाकणच्या कारखान्यांत गेलं, त्याची ही सवय. जागा निगडी प्राधिकरणातली एक बाग. एक कॅप्टन, एक रेडिओ ऑफिसर, मी धरून दोन इंजिनियर. पाचवा तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदुरीला, तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतो. तो जमेल तेव्हा येतो. सगळे ‘बोटीवरचे’. आमच्या वेळी लग्नाच्या बाजारात एवढी ओळख पुरायची आणि कधी कधी तीच आड यायची.

बोटीवरून गेलेल्या गोष्टींची यादी करायची, ही कल्पना कॅप्टनची. बोट सोडताना पुढच्या माणसाला चार्ज द्यावा लागतो: काय चालू आहे, काय बिघडलंय, कुठल्या कपाटाची किल्ली कुठे आहे. तसा चार्ज देऊन टाकू, म्हणाला. घ्यायला कोणी आलेलं नाही, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

टेलिग्राफ. पितळी तबकडी, काटा, घंटा. ब्रिजवरून हुकूम यायचा, खालून आम्ही काटा जुळवायचा, म्हणजे ‘कळलं’. मग इंजिन. प्रत्येक हुकूम वेळेसकट वहीत. बंदरात शेवटची घंटा ‘फिनिश्ड विथ इंजिन्स’ची, ती झाल्यावरच चहाला चव यायची. आता ब्रिजवरच्या दांड्याने इंजिन परस्पर हलतं. जुने टेलिग्राफ अलंगला, बोटी तोडतात तिथल्या दुकानांतून लोक घेतात आणि दिवाणखान्यात मांडतात. मी पाहिलेल्या एकाचा काटा ‘फुल अहेड’वर होता. दिवाणखान्यात!

बारा ते चारचा वॉच. दुपारचे बारा ते चार आणि रात्रीचेही. थर्ड इंजिनियरच्या नशिबी हाच. बेअरिंगवर हाताचा मागचा भाग टेकवायचा, किती गरम आहे ते कळायचं. तळहात टेकवणारा नवखा. आता रात्री इंजिनरूममध्ये माणूसच नसतो. काही बिघडलं तर केबिनमध्ये अलार्म वाजतो. चांगलंच आहे, आमच्या कानांची जी वाट लागली ती यांच्या लागणार नाही. पण इंजिन थांबलं की झोपेतून उठायची खोड आम्हाला कायमची लागली. प्राधिकरणात रात्री वीज जाऊन पंखा थांबला की मी उभा असतो. बायको झोपलेलीच.

साउंडिंग. टाकीत टेप सोडून पाणी किती, तेल किती ते मोजणं. हे यादीत घालू नये असं माझं मत पडलं, कारण ते गेलेलं नाही, फक्त घाट चढून वर आलंय. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या अखेरीपासून एक दिवसाआड पाणी येतं. आमच्यातल्या दुसऱ्या इंजिनियरकडे त्याच्या सोसायटीने पाण्याचं खातं दिलं. त्याने टाकीचा तक्ता बनवला: इतके सेंटिमीटर म्हणजे इतके लिटर. सकाळ-संध्याकाळ नोंद, खाली सही. सेक्रेटरी वैतागलाय, पण टँकरवाला आता पूर्ण टँकर ओततो.

रेडिओ ऑफिसर हे पदच गेलं. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस ही संकटसंदेशांची नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली, मॉर्सची जागा उपग्रहाने घेतली आणि आमच्या मार्कोनीला चाळिशीत दुसरा धंदा शोधावा लागला. खलाशी रेडिओ ऑफिसरला मार्कोनीसाहेब म्हणत. आम्ही अजून त्याला त्याच नावाने हाक मारतो. रेडिओरूमच्या घड्याळावर दोन लाल पाकळ्या असत, १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटं. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर कोणी काही पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं. कुठे एखादी बोट बुडत असेल तर तिचा बारीक आवाज दबून जाऊ नये म्हणून. सगळ्या समुद्रांवर, तासातून दोनदा. असं एक घड्याळ त्याच्या घरी भिंतीवर आहे. नातवाला वाटतं, लाल भाग म्हणजे मधली सुट्टी.

त्याच खोलीतून घरी बोलता यायचं. लांबून असलं तर इंग्लंडच्या पोर्टिसहेड रेडिओमार्फत, मुंबई जवळ आली की बॉम्बे रेडिओमार्फत. एकाने बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं, मग दुसऱ्याने बोलायचं. आजूबाजूच्या बोटींवर कान लावून बसणारे असतात हे माहीत असल्यामुळे नवराबायको पावसापाण्याचंच बोलायची. पोर्टिसहेड २००० साली बंद झालं. आमची ही भांडताना अजूनही शेवटी ‘ओव्हर’ म्हणते. म्हणजे आता मी बोललेलं चालेल.

सेक्स्टंट अजून बोटीवर असतो, पेटीत. संध्याकाळी तारे दिसायला लागलेत आणि क्षितिजही अजून पुसलेलं नाही, एवढ्या थोड्या वेळात कॅप्टनला तारे घ्यावे लागत. परीक्षेसाठी नावं इंग्रजी पाठ केली, पण आकाशात त्याला ते घरच्या नावांनीच सापडायचे. आर्क्टुरस म्हणजे स्वाती, स्पायका म्हणजे चित्रा, कॅनोपस म्हणजे अगस्ती. चाकणच्या दिव्यांमुळे आता अगस्ती दिसत नाही, अशी त्याची तक्रार आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन तो दोन वर्षं टाळतोय, तेही कारण असेल.

मनिला दोर. अबाकाच्या तंतूंचा, जड, हातात कुसळं भरणारा. त्याचा एक गुण होता: तुटण्याआधी कुरकुरायचा. ती कुरकुर ऐकून माणसं बाजूला व्हायची. नायलॉनचा दोर फारसं काही न सांगता तुटतो आणि चाबकासारखा उलटा येतो. १९७८ साली, बोट धक्क्याला बांधत असताना, नांगराच्या विंडलासचं काहीतरी बघायला मी पुढच्या डेकवर गेलो होतो. इंजिनरूमचा माणूस, दोराची भाषा मला कुठून कळणार? खलाशांच्या मुख्याने, सारंगाने, मागून कॉलर धरून मला ओढलं, तेव्हा चिडून मी त्याला काहीतरी बोललोही. मी उभा होतो तिथल्या रंगावर पुढच्याच क्षणी दोराने ओरखडा काढला. आता बोटी बांधायला कृत्रिम धाग्यांचे दोर. ते करणारी गरवारे टेक्निकल फायबर्स (२०१८ पर्यंत गरवारे-वॉल रोप्स) ही १९७६ ची कंपनी, कारखाना चिंचवडला. समुद्र नसलेल्या गावातून समुद्राला दोर जातो. इथे कोणाला त्याचं काही वाटत नाही.

बंदरातले दिवस. हे यादीतलं सगळ्यात मोठं नुकसान, यावर पाचही जणांचं एकमत. डेरिकने जाळी उचलायची, जाळीत गोणी किंवा पेट्या, टॅली क्लार्क एकेक मोजणार, मध्ये पाऊस आला की हॅच बंद. बोट दहा-पंधरा दिवस सहज लागलेली असायची, आणि तेवढे दिवस ते शहर आमचं. अँटवर्पला कुठल्या बोळात स्वस्त स्वेटर मिळतो ते मला पुण्याच्या तुळशीबागेपेक्षा नीट माहीत होतं. ओडेसाच्या बंदरावरून शहरात चढणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या कॅप्टनने मोजल्यात: १९२. कंटेनर आला, दिवसांचे तास झाले. न्हावाशेवा १९८९ ला सुरू झालं. मग २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेचा आयएसपीएस नियम आला आणि गेटमधून बाहेर पडणंच जिकिरीचं झालं. इंदुरीची पोरं शिकून जातात, पन्नास बंदरं करून येतात, आणि विचारलं तर सांगतात, क्रेन पाहिल्या. त्यांचा पगार आमच्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे, रोज घरी व्हिडिओ कॉल होतो, बारा-बारा महिने बोटीवर अडकत नाहीत. आम्ही हळहळतो ते आमच्यासाठी, त्यांच्यासाठी नव्हे. गाड्यांचे सुटे भाग भरलेला कंटेनर तळेगाव-चाकण रस्त्यावर अडकलेला दिसला की कॅप्टन म्हणतो, बघून घे बाबा गाव, बंदरात एवढा वेळ मिळणार नाही.

टू-इन-वन, सेकोचं घड्याळ, जपानी छत्री, नायलॉनची साडी. १९९१ नंतर हे सगळं पिंपरी कॅम्पात शगुन चौकात मिळायला लागलं आणि बोटीवरच्या काकांची वाट बघणं संपलं.

सिंदिया ही जहाज कंपनी. ५ एप्रिल १९१९ ला तिची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. म्हणून तो दिवस सागरी दिन. बोट ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली, म्हणून कंपनीला त्यांचं नाव. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्या फेरीत बोटीवर होते. पुढे त्याच वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा एक कारखाना आमच्या चिंचवडला होता. सिंदियाच्या बोटींची नावं ‘जल’ने सुरू व्हायची, शिपिंग कॉर्पोरेशनची पुष्कळशी ‘विश्व’ने, ग्रेट ईस्टर्नची ‘जग’ने. ‘जग’ अजून आहे. ‘जल’ गेलं. प्रीमियरही गेली.

आता शब्द. १९९३ साली मी भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. पहिल्याच आठवड्यात क्रेनने प्रेसचा एक मोठा भाग उतरवत होते. खाली उभा असलेला रिगर हात हलवून ओरडला, “आर्या... आर्या... आस्ते... बस्स! हबेस थोडा, हबेस!” मी होतो तिथेच थांबलो. आर्या म्हणजे खाली सोड, हबेस म्हणजे उचल. हे मी फक्त डेकवर, सारंगाच्या तोंडून ऐकलं होतं. पोरगा उस्मानाबादकडचा, समुद्र त्याने सिनेमात पाहिलेला. विचारलं, हे शब्द कुठले रे? म्हणाला, “क्रेनचे.”

आर्या पोर्तुगीज आहे. ‘आरिआर’ म्हणजे सोडणं, उतरवणं. पोर्तुगीज, अरबी, हिंदुस्थानी, कोकणी अशी सगळी भेसळ होऊन खलाशांची एक बोली झाली होती. थॉमस रोबक नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्याला तिचा कोश छापला, कारण हुकूम समजले नाहीत तर बोट हलत नव्हती. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुख्य, त्याच्या हाताखाली टिंडेल. सुकाणी चाकावर. कसाब म्हणजे सामानाच्या कोठीचा माणूस, खाटकाशी संबंध नाही. आगवाला, तेलवाला, भंडारी. आणि झाडू-संडासासाठी तोपास. सात समुद्र ओलांडले तरी ते काम कोणाच्या वाट्याला यायचं ते ठरलेलंच होतं. यादीतली एवढी एक गोष्ट गेली याचं मला मनापासून बरं वाटतं. आता सगळ्यांना इंग्रजी हुद्दे आहेत, सारंगाचा बोसन झालाय. बोटीवरून गेलेले ते दोन शब्द मात्र चाकणच्या शेडमध्ये रोज शंभरदा ओरडले जातात.

आमच्या गुरुवारी सारंग नसतो. हे आधीच लिहायला हवं होतं. आम्ही पाचही अधिकारी. बोटीवर आमची जेवायची खोली वेगळी होती, त्यांची वेगळी, आणि बागेतला बाकही त्याच हिशोबाने भरलाय. डेकवरची माणसं रत्नागिरी, गुहागर, दापोलीच्या खाडीकाठची. त्यांची मुलं टेल्कोत, बजाजमध्ये लागली, इथेच राहतात; म्हणजे बापही कधीमधी इथे येऊन राहून गेले असणार. आम्हाला पत्ता नाही. ज्याने माझी कॉलर धरली त्याचं नावही मला माहीत नाही. विचारलं नव्हतं. ‘सारंग’ म्हटलं की काम भागायचं.

खलाशाच्या नोकरीचं पुस्तक असतं, सीडीसी. जुने लोक त्याला ‘नली’ म्हणत. पूर्वी कागद पत्र्याच्या नळीत ठेवत म्हणून, असं सांगायचे. त्यात फोटो, उंची, अंगावरची खूण, आणि मग पानामागून पान: बोटीचं नाव, कुठे चढला, कधी, कुठे उतरला, कधी, वर्तन कसं. मोशीत, चिखलीत, दिघीत कोकणातून आलेल्या कोणाच्या घरी आजोबा बोटीवर होते असं ऐकलं असेल, तर माळ्यावरची ट्रंक उघडून बघा. रद्दीत घालू नका. आणि त्यात १९७८ साली सारंग म्हणून नोंद असेल, तर एखाद्या गुरुवारी सकाळी ते घेऊन या आणि पहिल्या पानावरचं पूर्ण नाव मला वाचून दाखवा.