माणची मालगाडी

दिवाळीच्या सुटीत पुण्यातल्या कोणत्याही वाड्यात किंवा सोसायटीत डोकावून पाहा. कोपऱ्यात दगडविटांवर पोती टाकून, चिखल थापून, अळीव पेरून किल्ला उभा असतो. वर सिंहासनावर महाराज. महाराज महादरवाजापेक्षा उंच, पायथ्याचा वाघ महाराजांपेक्षा धिप्पाड आणि बुरुजावरची तोफ शेजारच्या मावळ्याच्या पायताणाएवढी! पण कोणी हरकत घेत नाही. किल्ला हा भक्तिभावाने पाहायचा असतो, फूटपट्टीने नव्हे.

परंतु जगात फूटपट्टी घेऊनच पाहणारी माणसेही आहेत. त्यांतले एक गृहस्थ मुळशी तालुक्यात, माण या गावी राहतात. जुन्या काळच्या रेल्वेच्या मालडब्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करणे हा त्यांचा उद्योग. प्रतिकृती म्हणजे खेळण्यातली गाडी नव्हे. मूळ डब्यातली प्रत्येक वस्तू, अगदी रिबिटसुद्धा, एकाच प्रमाणात लहान केलेली. ती पाहायला म्हणून आम्ही एका रविवारी सहकुटुंब माणला गेलो.

भाताच्या खाचरांपासून काचेच्या इमारतींपर्यंत

मुळशी म्हटले की जुन्या माणसांना दोन गोष्टी आठवतात. एक आंबेमोहोर तांदूळ आणि दुसरा १९२१ साली सुरू झालेला मुळशीचा सत्याग्रह. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे लढले, तो हाच तालुका. आजच्या पोराबाळांना मात्र मुळशीची ओळख हिंजवडीपासून होते. वाकडहून हिंजवडीत शिरायचे आणि संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती डाव्या-उजव्या हाताला टाकीत पुढे जायचे, की माण येते. एका बाजूला वीसवीस मजल्यांच्या इमारती, तर दुसऱ्या बाजूला अजून एखादे खाचर, बांधावर उभी असलेली म्हैस आणि तिच्याकडे पाहत गाडी थांबवून फोनवर बोलणारा एखादा इंजिनियर.

गंमत अशी, की मुंबईहून पुण्याकडे आगगाडी आली ती माणला वळसा घालून. बोरघाटातली लोहमार्गाची चढण १८६३ साली खुली झाली. गाड्या लोणावळा, देहूरोड, चिंचवड करीत पुण्याला जाऊ लागल्या. माणच्या शेतकऱ्याला इंजिनाचा धूर पाहायचा तर पायपीट करावी लागे. आणि आता हिंजवडी ते शिवाजीनगर हा २३ किलोमीटरांचा मेट्रोमार्ग आखला, तर त्याचा डेपो नेमका माणच्या हद्दीत! दीडशे वर्षांनी का होईना, रूळ गावात आले.

साडेतीन मिलिमीटरांचा फूट

आमचे यजमान अकराव्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. हात मात्र घड्याळजीचे. त्यांच्या सौभाग्यवतींनी दार उघडताच पहिली सूचना दिली, “सतरंजीवर जपून बसा हं, काल एक चाक हरवलंय.”

जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग पोळीभाजीसाठी व अर्धा रेल्वेसाठी, असा त्या घरातला तह आहे. रेल्वेच्या हद्दीत प्लॅस्टिकचे पातळ पत्रे, पितळी तार, चिमटे, भिंग आणि दंतवैद्याकडे असतात तशी हत्यारे मांडलेली होती.

“आमचा फूट साडेतीन मिलिमीटरांचा,” ते म्हणाले. “मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढा. या मापाला जगभर एच-ओ म्हणतात. साडेपाच फुटांचा माणूस यात सव्वाएकोणीस मिलिमीटरांचा होतो.”

या मापाचे तयार रूळ बाजारात मिळतात. त्यांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणले, की १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेतल्या रेल्वेचे माप. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांची; तिच्यासाठी छोट्या रुळांत सव्वाएकोणीस मिलिमीटर अंतर हवे, आणि तसे रूळ दुकानात मिळत नाहीत. त्यामुळे आपल्याकडचे पुष्कळ हौशी लोक भारतीय डबे परदेशी रुळांवर चालवतात आणि फरकाकडे काणाडोळा करतात. पुण्याची मेट्रो मात्र १४३५ मिलिमीटरांचीच. म्हणजे यांच्या दाराशी आलेली गाडी बाजारातल्या रुळांवर अगदी बिनचूक बसेल!

“मग तीच का करीत नाही?” आमच्या चिरंजीवांनी विचारले.

“ती आहे ना समोर! जी आहे तिला मी कशाला करू? जी गेली ती करायची.”

बार्शी लाइट

जी गेली ती म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. यजमानांचे वडील त्या मार्गावर मालगाडीचे गार्ड होते.

मुंबई-मद्रास मार्ग बार्शी गावाला बाजूला ठेवून गेला. व्यापाऱ्यांचा माल बैलगाड्यांनी स्टेशनावर न्यावा लागे. तेव्हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे आखली. हे गृहस्थ पूर्वी जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला होते. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही सुमारे २१ मैलांची गाडी सुरू झाली. पुढे ती १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. कॅलथ्रॉपसाहेबाचे डोके असे चौफेर, की पुढे त्याने विमानातून उडी मारायची हवाई छत्रीही तयार केली.

त्याच्या रेल्वेची खरी करामत इंजिनात नव्हती, मालडब्यात होती. रूळ हलके, म्हणून कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, असा त्याने नियम केला. मग माल जास्त कसा न्यायचा? तर डब्याला दोनाऐवजी चार आस द्यायचे. चार पाचे वीस टन! आणि सगळ्या मालडब्यांची खालची चौकट एकाच मापाची, दाबून घडवलेल्या पोलादाची. २५ फूट लांब व ७ फूट रुंद. वर उघडा डबा बसवा की बंद, चौकट तीच. रूळ अडीच फुटी आणि डबा पंचवीस फुटी, बरोबर दसपट.

“आमच्या मापात पंचवीस फूट म्हणजे साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर,” असे म्हणत यजमानांनी एक डबा माझ्या तळहातावर ठेवला. काड्यापेटीपेक्षा थोडा लांब. अडीच फुटी रूळ पावणेनऊ मिलिमीटरांचे होतात आणि बाजारात नऊ मिलिमीटरांचे मिळतात; पाव मिलिमीटराचा तो फरक तेवढा त्यांनी नाइलाजाने मान्य केला आहे.

डबा हातात घेतला तर चांगला जड लागला. हलका डबा वळणावर रूळ सोडतो, म्हणून पोटात शिशाचा तुकडा ठेवतात. १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या संस्थेने याचा आडाखाच घालून दिला आहे : एच-ओ मापाच्या डब्याला एक औंस आणि लांबीच्या दर इंचामागे आणखी अर्धा औंस. अरुंद रुळांच्या डब्याला त्याहून थोडे कमी.

कुशीवर रिबिटांच्या रांगा होत्या. एक इंची माथ्याचे रिबिट या मापात पाव मिलिमीटराहून थोडे मोठे. खसखशीचा दाणा त्यापुढे लाडू! पत्र्याच्या मागून बोथट सुईने टोचून ते उठवतात. एक टोचा वाकडा गेला, की पत्रा बाद. आणि काही गोष्टी तर करताच येत नाहीत. समजा मूळ पत्रा सहा मिलिमीटर जाड असेल, तर इथे तो वहीच्या कागदाएवढा पातळ हवा. तसा केला तर उभा राहत नाही. म्हणून फक्त वरची कड तासून पातळ करतात, म्हणजे डोळ्याला पटते.

दाराची कडी

एक बंद मालडबा मात्र करड्या रंगात अर्धवट ठेवलेला दिसला. बाकी सगळे झाले होते, पण दाराला कडी नव्हती.

त्यांच्याजवळ त्या डब्याचा एकच फोटो आहे. वडिलांच्या निरोपसमारंभाचा. फोटोत रुळांचे टोक दिसते. ते अडीच फुटांचे हे ठाऊक असल्यामुळे, जवळ-दूरचा हिशेब सांभाळून, त्यावरून दाराची उंची आणि फळ्यांची रुंदी काढता आली. पण जिथे कडी असायची, नेमका तिथेच हार घातलेले वडील उभे आहेत!

त्यांची नात जवळच्याच कंपनीत संगणकाचे काम करते. आजोबांना चाकांच्या आसपेट्या थ्रीडी प्रिंटरवर छापून देते. ती म्हणाली, “आजोबा, दुसऱ्या कुठल्या तरी नॅरोगेज डब्याची कडी बसवून टाका. कोणाला कळणार आहे?”

“कोणालाच कळणार नाही, हीच तर अडचण आहे. ज्याला ठाऊक आहे तो चूक पकडील. ज्याला ठाऊक नाही, तो माझीच कडी खरी धरून चालेल. उद्या कोणी या डब्यावरून दुसरा डबा केला, तर माझी थाप इतिहास होऊन बसेल.”

यावर कोणी काही बोलले नाही. बार्शी लाइटचे रूळ या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने उखडले गेले आणि त्या जागी ब्रॉडगेज आली. लोकांची सोय झाली. त्याबद्दल यजमानांची तक्रार नाही. पण जुने डबे मोडीत निघाले. दिल्लीचे रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडले, त्यात इंजिने आहेत, राजेमहाराजांचे डबे आहेत. आपल्या पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे अख्खे शहर आणि त्यातल्या धावत्या गाड्या पाहून मुले हरखतात. परंतु ज्या डब्यांतून लातूरचे धान्य गेले, आणि वारीच्या गर्दीत वडिलांनी ज्यांतून माणसेही नेल्याचे सांगितले, त्या साध्या मालडब्याची माप घेऊन ठेवावी असे फार थोड्यांना वाटले. रोजच्या वस्तूचे असेच होते. असते तेव्हा ती कोणी पाहत नाही.

माणची बैलगाडी

मालधक्का करायचा तर बैलगाड्या हव्यात. त्यासाठी यजमान माण गावठाणात हिंडले. एका गोठ्याच्या मागे त्यांना जुनी गाडी सापडली. टेप काढून मापे घेऊ लागले, तसे घरातले म्हातारबाबा बाहेर आले.

“काय, इकत घेताय का काय?”

“नाही हो, नुसती मापं घेतोय.”

“मापं कशापायी? आता नवी करनारा सुतार तरी कुठं ऱ्हायलाय?”

चाक साडेचार फुटी, म्हणजे पावणेसोळा मिलिमीटर. बारा आरे, तुंबा, धाव, साटा, जू, सगळे टिपून झाले. गाडी तयार झाली. पण बार्शीच्या मालधक्क्यावर मात्र गेली नाही. का? तर बार्शीकडच्या गाडीची घडण वेगळी असणार. मावळातली गाडी तिथे उभी करणे म्हणजे पुन्हा थापच. तेव्हा ती वेगळ्या फळीवर ठेवली आणि खाली लिहिले : “माण, ता. मुळशी”.

एक दिवस म्हातारबाबा लिफ्टने वर आले. चष्मा पुसून त्यांनी गाडी पुष्कळ वेळ न्याहाळली आणि विचारले, “वंगनाचा नळा कुठं हाय?”

आसाला वंगण घालायचे, तर ते बांबूच्या नळ्यात भरून गाडीखाली टांगलेले असे. गोठ्यातल्या गाडीचा नळा केव्हाच गळून पडला होता. यजमानांनी तेव्हाच्या तेव्हा कागद पुढे केला. बाबांनी बोटांनी लांबी दाखवली, कुठे टांगायचा ते सांगितले. दुसऱ्या दिवशी नळा बसला. पुढच्या उन्हाळ्यात गोठ्याच्या जागी बांधकाम निघाले आणि ती गाडी सरपणात गेली. आज माणच्या त्या गाडीची, नळ्यासकट, एकच प्रत शिल्लक आहे आणि ती अकराव्या मजल्यावर आहे.

नातीने त्या दिवसापासून कडीचा विषय काढला नाही. उलट एक वही केली आहे. काय खात्रीचे, काय अंदाजाचे आणि काय ठाऊक नाही, असे तिचे तीन रकाने. प्रत्येक डब्याबरोबर ती वही राहणार आहे.

तेव्हा वाचकहो, आपली एक विनंती. तुमचे कोणी कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज या बाजूला रेल्वेत नोकरीला असतील, तर फराळाचे डबे रिकामे झाल्यावर माळ्यावरची जुनी ट्रंक उघडा. फोटोत आजोबांच्या मागे एखादा मालडबा उभा असला, तर तो फाडू नका, रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने गाव आणि साल लिहून ठेवा. आणि ट्रंकेत काहीच निघाले नाही, तर घरातले जाते, पाटा, आजीचा पितळी स्टोव्ह, जे काय उरले असेल ते मुलांना टेपने मोजायला सांगा. नळा कुठे टांगायचा, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर हे काम उरकलेले बरे.