पायी न्यूयॉर्क

अमेरिकेला जाऊन आलो म्हटल्यावर गावात लोक मला दोनच गोष्टी विचारतात. एक, विमानात भीती वाटली का. दुसरी, तिथं लई पैसा हाय म्हणतात ते खरं का. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसऱ्याचं द्यायचं तर न्यूयॉर्कात काढलेले दोन दिवस सांगावे लागतात, आणि तेवढं ऐकून घ्यायला पारावर कुणी थांबत नाही. म्हणून लिहून काढतो.

आमची धाकटी सिव्हिल इंजिनिअर. सांगलीला पदवी झाली आणि पुढचं शिकायला 2021 साली अमेरिकेत गेली. गावाचं नाव बफेलो. बफेलो म्हणजे म्हैस, एवढं इंग्रजी दहावीपर्यंत शिकलेल्या मला येत होतं. मी घरात अर्थ सांगितला तर तिची आई म्हणाली, "म्हशीच्या गावाला जायाला एवढ्या लांब कशाला? हितं काय म्हशी कमी हुत्या?" हसण्यावारी नेलं, पण शिक्षणाला 32 लाखांचं कर्ज झालं होतं आणि विहिरीकडची दीड एकर द्राक्षबाग बँकेकडं तारण पडली होती.

2023 च्या मे महिन्यात तिचा पदवीदान समारंभ होता. दोघांचं तिकीट परवडणारं नव्हतं, आणि परवडलं असतं तरी जनावरं कुणाच्या जिवावर टाकायची? बायको म्हणाली, "तुमी जावा. तुमी बघितल्यालं सांगता तरी. मी नुसतं बघून गप बसंन." एप्रिलची खरड छाटणी उरकली आणि मी निघालो.

समारंभ झाला, काळा झगा घातलेल्या पोरीबरोबर फोटो निघाला. त्याच आठवड्यात तिनं आणि तिच्या खोलीतल्या तिघी पोरींनी न्यूयॉर्कचा बेत काढला. एक नागपूरची, एक हैदराबादची, एक नाशिकची. दोन वर्षं त्याच राज्यात राहून त्यांनी ते शहर बघितलं नव्हतं. अंतर सहाशे किलोमीटर, आणि खिशात कधी मोकळे पैसे नाहीत.

बेत ठरवताना मी शेजारी बसलो होतो. लग्नाची यादी करावी तशी वही काढली. हॉटेल घ्यायचं नाही. जाताना एक रात्र बसमध्ये, दुसरी रात्र ओळखीच्या पोरांच्या खोलीवर, तिसरी रात्र परतीच्या बसमध्ये. तिकीट काढून बघायचं असं काहीही बघायचं नाही. पहिल्या दिवसाचं जेवण घरून न्यायचं. मी येताना दोनशे डॉलर बदलून आणले होते, ते पुढं केले, तर चौघीही "अंकल, राहू द्या" म्हणाल्या. दशम्या मात्र मी स्वतः थापल्या, आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली.

रात्रीची बस. आपल्या एस.टी.त खिडकी उघडता तरी येते, तिथं काच पक्की बंद आणि वरून गार वारा. पोरी एकमेकींच्या अंगावर रेलून झोपल्या. मी पटका डोक्याला आवळून बसलो. सकाळी सहाला बेचाळीसाव्या रस्त्यावरच्या बसस्थानकात उतरलो, तेव्हा पाठीला पट्ट्या आल्या होत्या. ज्यांच्याकडं राहायचं ती पोरं कामावरून संध्याकाळी येणार होती. म्हणजे दिवसभर पिशव्या पाठीवरच.

पहिली अडचण तोंड धुण्याची. एवढं श्रीमंत शहर, पण रस्त्यावर मुतारी दिसत नाही. हॉटेलात जावं तर आधी काहीतरी विकत घ्या. नागपूरच्या पोरीनं आधीच माहिती काढून ठेवली होती. मोठ्या ग्रंथालयाच्या मागं ब्रायंट पार्क नावाची बाग आहे, तिथलं शौचालय फुकट. आत गेलो तर चक्क ताज्या फुलांचा गुच्छ ठेवलेला. मी बाहेर येऊन सांगितलं, "पोरींनो, हितंच मुक्काम करू." त्याच बागेतल्या खुर्च्यांवर बसून दशम्या खाल्ल्या. सगळ्यांच्या मिळून सात उरल्या, त्या दुपारला ठेवल्या.

तिथले रस्ते नंबरांनी ओळखतात. 1811 साली नकाशा करून सरळ रेघा मारल्या आणि नंबर दिले, आपल्या गट नंबरासारखे. वीस रस्ते ओलांडले की एक मैल होतो. त्यामुळं किती चाललो ते लपत नाही. बेचाळिसावरून चौदापर्यंत आलो. रेल्वेनं आलो असतो तर माणशी पावणेतीन डॉलर, म्हणजे तेव्हाचे सव्वादोनशे रुपये. पाच जणांचे अकराशे वाचले. असा हिशेब करत आम्ही तो सगळा दिवस चाललो.

चौदाव्या रस्त्याला युनियन स्क्वेअर म्हणून चौक आहे. शनिवार होता आणि तिथं शेतकऱ्यांचा बाजार भरला होता. 1976 पासून भरतो. स्वतः पिकवलेलंच आणून विकायचं, असा नियम. पोरींना पुढं जायचं होतं, पण मी हललो नाही. स्ट्रॉबेरी, शतावरीच्या कोंबाच्या जुड्या, रोपांच्या कुंड्या. स्ट्रॉबेरीवाल्याशी लेकीमार्फत बोललो. तो म्हणाला, रात्री दोनला गाडी भरून निघतो. दर चांगला मिळतो, पण जागेचं भाडं, डिझेल आणि मजूर मिळत नाहीत. मजुराचं ऐकून मला आपल्याच बांधावर उभा असल्यासारखं वाटलं. मी द्राक्षवाला आहे म्हटल्यावर त्यानं माझा हात उलटा करून बघितला आणि आपला पुढं केला. नखांतली काळी माती दोघांचीही सारखीच होती. पाच स्ट्रॉबेरी त्यानं फुकट दिल्या, त्या हिशेबाच्या वहीत लागल्या नाहीत.

तिथून खाली टोकापर्यंत आणखी चारेक किलोमीटर. समारंभासाठी घेतलेले नवे बूट चावायला लागले. दोन्ही टाचांना फोड. हैदराबादच्या पोरीनं रस्त्याच्या कडेला बसवून पट्ट्या चिकटवल्या. मी तीनदा वारी पायी केलेला माणूस, पण वारीत पायाखाली कधी ऊन माती तर कधी चिखल असतो, आणि दर मैलाला कुणीतरी चहा घेऊन उभा असतो. इथं सिमेंट, आणि माणूस माणसाकडं बघत नाही.

शेअर बाजाराजवळ ब्राँझ धातूचा एक वळू आहे, बत्तीसशे किलोचा. इटलीहून आलेल्या एका शिल्पकारानं 1989 च्या डिसेंबरात रात्रीतून परवानगीशिवाय आणून ठेवला. आधी उचलला आणि मग लोकांना आवडला म्हणून जवळच जागा दिली. म्हणजे अतिक्रमण तिथंही नियमित होतं. त्याला हात लावला की पैसा येतो, अशी समजूत. हात लावायला ही रांग. हात लावून लावून शिंगं, नाक आणि नको तो भाग सोन्यासारखा चमकत होता. मी बघितलं तर नाकात वेसण नाही. असला बिनवेसणीचा वळू मी गोठ्यात घेतला नसता. पोरी रांगेत उभ्या राहिल्या. चौघींनाही नोकरी पाहिजे होती.

स्टेटन बेटाला जाणारी मोठी नारिंगी बोट फुकट आहे. पंचवीस मिनिटं जायची, तेवढीच यायची. बोटीतून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, 1886 सालचा, फ्रान्सच्या लोकांनी दिलेला. तांब्याचा आहे म्हणून हिरवा झालाय. चिंचेनं न घासलेल्या घागरीला चढतो तसाच थर. बसायला जागा, वारा आणि पुढं पाणी. तासाभरात आम्ही पाचही जण झोपून घेतलं. पुतळा मी जाताना बघितला, पोरींनी येताना.

दिवस मावळायच्या आधी लेकीला ब्रुकलिनचा पूल बघायचा होता. खरं म्हणजे तेवढ्याचसाठी ती आली होती. त्याच आठवड्यात पुलाला 140 वर्षं पूर्ण झाली होती. गाड्या खालून जातात, माणसं वरच्या लाकडी वाटेनं. चालता चालता तिनं सगळं सांगितलं. नदीच्या तळात पाया घ्यायचा म्हणून लाकडाची प्रचंड पेटी उपडी करून बुडवली, आत दाबानं हवा भरली आणि त्या पेटीत माणसं उतरून गाळ उपसत होती. एका बाजूला अठ्ठ्याहत्तर फूट खाली. मी विहिरीत उतरून सुरुंगाची भोकं मारलेला माणूस. मला ते ऐकूनच घुसमटलं. ज्यानं पूल आखला तो रोब्लिंग पायाला इजा होऊन काम सुरू व्हायच्या आधीच गेला. मुलगा त्या पेटीत उतरून आजारी पडला आणि अंथरुणाला खिळला. मग सून एमिली गणित आणि लोखंडाचं शास्त्र शिकली, नवऱ्याचे निरोप घेऊन रोज कामावर जायला लागली, आणि चौदा वर्षांनी पूल उभा राहिला. पुलावरून पहिली बग्गी तिचीच गेली, हातात कोंबडा धरून.

"कोंबडा कशापायी?" मी विचारलं.

"जिंकल्याची खूण म्हणून, आबा."

मधल्या कमानीजवळ ती थांबली. बाकीच्या तिघी पुढं फोटो काढत गेल्या.

"आबा, एक सांगायचंय. नोकरी अजून लागली न्हाई. दोनशे चाळीस अर्ज केलं."

मला अंदाज होता. रात्री दोनला उठून ती लॅपटॉपवर बसायची, ते मी बघत होतो.

"कामाचा परवाना सुरू झाला की नव्वद दिवस. त्याच्यावर बेकार राहिलं तर परत यावं लागतं."

पुलावर वारा फार होता. मी थोडा वेळ तारांकडं बघत राहिलो. मग विचारलं, "परत आलीस तर पुण्यात किती पगार मिळंल?"

तिनं आकडा सांगितला. मी व्याज विचारलं, तेही सांगितलं. बेदाण्याचे मागच्या वर्षीचे दर मला पाठ होते. खरेदीच्या पावतीच्या पाठीवर तिनं आकडे मांडले. पगारातलं एवढं, बेदाण्यातलं तेवढं, एखादं साल गारपिटीचं धरून. सात-आठ वर्षं आली.

"बाग 2017 ची हाय," मी म्हणालो. "पंधरा वर्षं धरली तर बत्तीस सालापर्यंत चालती. म्हंजी बाग मोडायच्या आत फिटतंय. मग झालं की."

ती रडली नाही. पावती घडी करून वहीत ठेवली आणि म्हणाली, "भूक लागली." दोन्ही बाजूंनी तो पूल आम्ही चाललो. रात्री नदीखालून जाणाऱ्या रेल्वेनं जर्सी सिटीला गेलो. तिथं एका गल्लीत सगळी आपली दुकानं. डोसा खाल्ला, आणि त्याचे पैसे मी भांडून दिले. दोन खोल्यांत सहा पोरं राहत होती, त्यात आम्ही पाच. मला सोफा मिळाला. बाकीचे वळकट्यांसारखे जमिनीवर.

दुसऱ्या दिवशी मी बूट पिशवीत टाकले आणि वहाणा घातल्या. सेंट्रल पार्क बघितलं, 843 एकर. आत मेंढ्यांचं कुरण म्हणून हिरवळ आहे. 1934 पर्यंत तिथं खरोखर मेंढ्या चरत होत्या. आता माणसं लोळतात. बागेच्या पश्चिमेला सेनेका व्हिलेज नावाची काळ्या लोकांची वस्ती होती, त्यांच्या मालकीची घरं, चर्च, शाळा. बागेसाठी 1857 पर्यंत ती उठवली. पाटी वाचून लेकीनं सांगितलं. धरणाखाली गेलेली माणसं आपण बघितलीत, त्यामुळं जास्त समजावून सांगायची गरज पडली नाही.

नागपूरच्या पोरीचा एकच हट्ट होता, कोलंबिया विद्यापीठ. बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन तिथं आले, 1915 ला एम.ए. झाले. ती पायऱ्यांवर चप्पल काढून उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. मग म्हणाली, "अंकल, त्यांनाही महिन्याचे पैसे मोजूनच खर्चावे लागत असतील ना?" मी म्हटलं, "व्हय, पण पुस्तकाला मोजले नसतील."

रात्री टाइम्स स्क्वेअरचे दिवे बघितले. दिवसासारखा उजेड आणि बसायला पायऱ्या, तेवढंच लक्षात आहे. बसमध्ये लेकीनं वहीत बेरीज केली. माणशी एकशे एकतीस डॉलर. माझ्या नावापुढं काहीच नव्हतं, माझा वाटा तिनं आपल्यात धरला होता. मी भांडायला तोंड उघडलं तर ती झोपलेली.

जूनमध्ये मी परत आलो. ऑगस्टात, त्या नव्वदातल्या चौसष्टाव्या दिवशी तिला काम लागलं. मोठ्या कंपनीत नाही. पूल तपासणाऱ्या एका लहान कंपनीत. तिथं साधारण दर दोन वर्षांनी प्रत्येक पूल तपासायचा नियम आहे. ही पोरगी पट्टा बांधून पुलाच्या पोटाखाली जाते आणि हातोडीनं सिमेंट ठोकून बघते. घट्ट असेल तर खणखणीत आवाज, आतून सुटलं असेल तर बद्द. कलिंगड ठोकून बघतो तसं, असं तिनं मला समजावलं. पहिला हप्ता तिनं नोव्हेंबरात भरला. अजून बरेच बाकी आहेत.

रविवारी तिचा फोन येतो. कुठला पूल झाला, किती थंडी होती, सांगते. तिची आई सगळं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "सिमीट आतनं सुटलंय ते तुला ठोकून कळतंय व्हय? मग जेवली न्हाईस ते आमाला आवाजावरनं कळत न्हाई, असं वाटतंय का तुला?"