ट्यूनरचा मुक्काम

घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर, म्हणजे मराठी घरांत ज्याला सरसकट व्हीसीआर म्हटले गेले ते यंत्र, आज कॅसेट आणि भाड्याने आणलेले चित्रपट यांच्या संदर्भातच आठवले जाते. परंतु त्याच्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग कॅसेटच्या खाचेत नसून पाठीमागे, अँटेनाची वायर जिथे खोचली जाते, तिथे होता. वायरीतून एकाच वेळी येणाऱ्या अनेक वाहिन्यांच्या लहरींमधून हवी ती एक वाहिनी वेगळी काढणाऱ्या या भागाला ट्यूनर म्हणतात. व्हीसीआरचा ट्यूनर टीव्हीच्या ट्यूनरहून स्वतंत्र असे, आणि त्यामुळेच टीव्ही बंद असताना किंवा त्यावर दुसरेच काही चालू असताना हे यंत्र ठरवून दिलेला कार्यक्रम टिपू शकत असे. 1970 च्या आसपास जन्मलेल्या मराठी मध्यमवर्गीय पिढीच्या आयुष्यात हा ट्यूनर उशिरा आला, थोडी वर्षे राहिला आणि एका बॉक्सच्या आगमनाबरोबर निरुपयोगी झाला.

चित्र फितीवर टिपण्याचे व्यवहार्य यंत्र अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने 1956 मध्ये दाखवले तेव्हा ते फक्त प्रक्षेपण केंद्रांना परवडणारे होते. चित्रातील माहिती इतकी दाट असते की ती टिपायला फीत आणि चुंबकीय हेड यांच्यातला परस्पर वेग फार मोठा लागतो. घरगुती यंत्रांनी फीत संथ ठेवून हेडच एका फिरत्या ड्रमवर बसवली आणि फीत त्या ड्रमभोवती तिरपी गुंडाळली. भारतातल्या पाल पद्धतीच्या व्हीएचएस यंत्रात ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो, तर फीत सेकंदाला सुमारे 2.3 सेंटिमीटर एवढीच पुढे सरकते. पावसाळी हवेत बुरशी धरलेली कोकणातली कॅसेट या ड्रमवर चढली की हेड साफ करण्याचा खर्च का ओढवतो, हे या रचनेवरून समजते. 1975 मध्ये सोनीची बीटामॅक्स आणि 1976 मध्ये जेव्हीसीची व्हीएचएस पद्धत आली, आणि त्यांच्या चढाओढीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र फिलिप्सचे 1972 चे एन1500 हे यंत्र अधिक मोलाचे ठरते, कारण ट्यूनर, घड्याळ आणि रेकॉर्डर हे तिन्ही एका पेटीत आणून, घरात कोणी नसतानाही कार्यक्रम टिपता येईल अशी सोय त्याने केली.

त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तेव्हा महाराष्ट्रात निवडायला दुसरी वाहिनीच नव्हती, आणि ट्यूनर ही निवडीची वस्तू असल्यामुळे त्याचे कौतुक वाटण्याचे कारणही नव्हते. 1982 च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि त्यापाठोपाठ व्हीसीआर घरांत दिसू लागले. पण विकत घेण्याची ऐपत थोड्यांचीच होती, आणि व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीपुरते भाड्याने येणारे यंत्र पुष्कळदा व्हीसीपी, म्हणजे रेकॉर्डिंगची सोय नसलेला निव्वळ प्लेअर, असे. व्हीसीपीला ट्यूनर नसतो. या पिढीची व्हिडिओशी पहिली ओळख अशी अर्ध्या यंत्राशी झाली, आणि व्हिडिओ म्हणजे सिनेमा हे समीकरण मराठी मनात पक्के बसले ते बहुधा यामुळेच.

केबलचा जन्मही याच यंत्राच्या पोटी झाला, ही गोष्ट पुढे विसरली गेली. व्हीसीआर आपले चित्र अँटेनाच्या वायरीतूनच टीव्हीकडे पाठवू शके. त्यासाठी त्याच्यात मॉड्युलेटर नावाचा एक चिमुकला प्रक्षेपक असे, जो चित्राला एखाद्या रिकाम्या वाहिनीचे रूप देई, आणि टीव्हीवर ती वाहिनी, बहुधा यूएचएफ पट्टीतली 36 क्रमांकाची, एकदा लावून ठेवावी लागे. ही वायर एका टीव्हीऐवजी ॲम्प्लिफायरला जोडली आणि तिथून साऱ्या इमारतीत फिरवली की एका व्हीसीआरवर पन्नास घरे सिनेमा पाहू शकतात, हे 1980 च्या दशकाच्या मध्यास मुंबईतल्या उद्योगी लोकांच्या ध्यानात आले, आणि केबलवाला हा नवा व्यावसायिक उदयाला आला. पुढे ज्या केबलने व्हीसीआरला नामोहरम केले, तिची पहिली वाहिनी केबलवाल्याच्या घरातला व्हीसीआरच होता.

घरच्या व्हीसीआरची जोडणी सोपी होती, पण तिच्यात एक क्रम होता. बाहेरून आलेली वायर प्रथम व्हीसीआरच्या आत जाई, तिथून दुसरी वायर टीव्हीकडे निघे, आणि व्हीसीआर बंद असला तरी मूळ लहरी त्याच्यातून आरपार टीव्हीपर्यंत पोहोचत. क्रम उलटा झाला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यानंतर व्हीसीआरच्या ट्यूनरवर प्रत्येक वाहिनी पुन्हा नव्याने शोधून ठेवावी लागे. टीव्हीवर सारे दिसत असताना हे दुसऱ्यांदा का करायचे, हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न असे, आणि एका घरात आता दोन ट्यूनर आहेत, हे त्याचे उत्तर समजल्यामुळे हे काम आपसूक शाळकरी मुलांकडे गेले. अमेरिकेत व्हीसीआरच्या घड्याळावर लुकलुकणारे 12 वाजणे ही यंत्राला बिचकणाऱ्या माणसावरची ठरलेली थट्टा होती. महाराष्ट्रात भारनियमनामुळे घड्याळ पुनःपुन्हा शून्यावर येई, तेव्हा ते पुन्हा न लावण्यात अज्ञानापेक्षा शहाणपणच अधिक होते.

1991 च्या आखाती युद्धाच्या बातम्या उपग्रहावरून दिसू लागल्या, त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या आल्या, ऑक्टोबर 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाला, आणि गच्चीवरच्या तबकड्यांतून येणाऱ्या या साऱ्या वाहिन्या केबलवाला एकाच वायरीतून, कोणतेही कुलूप न लावता, घरात सोडू लागला. व्हीसीआरच्या ट्यूनरला खरे काम मिळाले ते इथे. आजोबा क्रिकेट पाहत असताना त्याच वेळची मालिका दुसऱ्या वाहिनीवरून कॅसेटवर उतरत असे, आणि तीन तासांच्या ई-180 कॅसेटची कडेची प्लॅस्टिकची खूण मोडलेली असली तर तिथे सेलोटेप चिकटवून जुन्या रेकॉर्डिंगवर नवे चढवले जाई. (लग्नाच्या कॅसेटवर असे नवे काही चढू नये म्हणून तिची खूण मोडून ठेवण्याची पद्धत होती, ती न मोडल्याचे परिणाम सांगायला नकोत.) कार्यक्रम प्रक्षेपणाच्या वेळी न पाहता सोयीच्या वेळी पाहण्याकरिता घरी टिपून ठेवणे हा कॉपीराइटचा भंग नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये सोनीच्या बाजूने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने दिला होता. मराठी घरांत या हक्काविषयी कधी शंका उपस्थित झाली नाही, आणि म्हणूनच तो गेल्याचेही फारसे कोणाला जाणवले नाही.

तो कसा गेला, हे अमेरिकेत आधी दिसले. तिथल्या केबल कंपन्यांनी पैसे भरून पाहायच्या वाहिन्या विस्कटून पाठवायला आणि त्या पूर्ववत करणारा बॉक्स ग्राहकाच्या घरी बसवायला बऱ्याच आधी सुरुवात केली होती. हा बॉक्स निवडलेली एकच वाहिनी 3 किंवा 4 या ठरावीक क्रमांकावर बाहेर सोडी, त्यामुळे व्हीसीआर त्या क्रमांकावर कायमचा लावून ठेवावा लागे आणि त्याच्या ट्यूनरला निवडण्यासारखे काही उरत नसे. 1990 मध्ये तिथे निघालेल्या व्हीसीआर प्लस या उपकरणाला वर्तमानपत्रात छापलेला कार्यक्रमाचा आकडा दिला की ते ठरल्या वेळी व्हीसीआरला, आणि रिमोटसारखे अदृश्य किरण सोडून बॉक्सलाही, आज्ञा देई. एका यंत्राने दुसऱ्याचा रिमोट दाबावा, ही तोड चतुर असली तरी दुखणे कुठे आहे हे तीच दाखवून देते. अमेरिकी काँग्रेसच्या 1992 च्या केबल कायद्यात तर स्पष्ट नोंद आहे की, एक वाहिनी पाहताना दुसरी टिपणे आणि वेगवेगळ्या वाहिन्यांवरचे लागोपाठचे दोन कार्यक्रम टिपणे, हे ग्राहकाचे लाभ अशा व्यवस्थेत हिरावले जातात. इतक्या घरगुती तक्रारीला कायद्याच्या भाषेत जागा मिळाल्याची उदाहरणे थोडी असतील.

मुंबईच्या काही भागांत सशुल्क वाहिन्यांसाठी सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला तो 2006 च्या अखेरीस. मोफत वाहिन्या तेव्हाही वायरीतून उघड्याच येत होत्या, म्हणून चौकस माणूस बॉक्सच्या आधी स्प्लिटर, म्हणजे लहरी दोन वाटांनी विभागणारा जोड, लावून एक फाटा बॉक्सला आणि दुसरा थेट व्हीसीआरला देऊ शकत होता. लहरींची ताकद निम्म्याहून कमी होई आणि कडेच्या वाहिन्यांवर मुंग्या येत, पण ट्यूनर जिवंत राही. ऑक्टोबर 2012 च्या अखेरीस मुंबईत, आणि मार्च 2013 च्या अखेरीची मुदत धरून पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत, केबल संपूर्ण डिजिटल करण्याचे ठरले तेव्हा हीही वाट बंद झाली. त्यानंतर बॉक्सच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिना व्हीसीआरमध्ये खोचून त्याला एव्हीवर ठेवायचे, टायमर लावायचा आणि बॉक्स हव्या त्या वाहिनीवर सोडून घरातल्या सर्वांना रिमोटपासून दूर राहण्याची विनंती करायची, एवढेच शक्य उरले. घरचे जे पाहतील तेच टिपले जाईल, हा नियम रेकॉर्डरच्या मूळ हेतूच्या नेमका विरुद्ध जातो.

डीटीएच कंपन्यांनी 2008 पासून आपल्याच बॉक्समध्ये हार्ड डिस्क घालून रेकॉर्डिंग परत आणले, आणि सोय म्हणून पाहिली तर ती व्हीसीआरहून कितीतरी सरस होती: वेळापत्रक पडद्यावर, घड्याळ उपग्रहाकडून, दुसरा ट्यूनर आतच. पण अशा बॉक्सवर टिपलेला कार्यक्रम सांकेतिक कुलुपात असतो. तो दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही आणि बॉक्स बदलला की मागे राहतो. शेजाऱ्याला कॅसेट देणे, मावशीकडे ती विसरणे आणि दोन वर्षांनी बुरशीसह परत मिळणे, या व्यवहाराला त्यात वाव नाही.

फिलाडेल्फियातील मॅरियन स्टोक्स या बाईंनी 1979 पासून 2012 मधील मृत्यूपर्यंत अनेक व्हीसीआर एकाच वेळी चालवून बातम्यांच्या वाहिन्या अखंड टिपल्या, आणि त्यांच्या हजारो कॅसेट पुढे इंटरनेट अर्काइव्हकडे गेल्या. मराठी घरांत इतका निग्रह अपेक्षित नव्हता. तिथे जे उरले ते कॅसेट पुन्हा वापरायची राहून गेल्यामुळे उरले. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवल्यावर अशा कॅसेट संगणकावर उतरवून देणाऱ्यांकडे जुनी यंत्रे दुरुस्त करून वापरली जातात. लग्न आणि मुंजी उतरवण्यासाठी दिलेल्या कॅसेटच्या शेवटी, समारंभ संपल्यावर उरलेल्या फितीवर, कधी नव्वदच्या दशकातली एखादी संध्याकाळ सापडते, मधल्या जाहिरातींसकट, कारण पॉज दाबून त्या गाळायला त्या वेळी खोलीत कोणी नव्हते.