वायर लपवण्याच्या नादात

शहापुरातली जुनी घरं तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब. आमचंही तसंच. गल्लीकडे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परडं आणि परड्याला लागून मागची माडी. इंटरनेटची फायबर खांबावरून सोप्यात येते आणि मी कामाला बसतो माडीवर. मध्ये चुन्यात बांधलेल्या दीड-दोन फुटी भिंती. वायफाय माजघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायचं आणि तिथंच दम तोडायचं. वायर ओढायला हवी हे मला पटलं होतं. आईची अट एकच होती, "वायर दिसायची नाही बघ. घर आहे की हे, केबलवाल्याचं दुकान नव्हे."

ती अट मी नको तितकी मनावर घेतली. वायर दिसू नये म्हणून मी बारीक वायर शोधू लागलो. पुढचा सगळा घोळ या एका समजुतीतून झाला.

मोबाइलवर एक पांढरी, चपटी, रिबिनीसारखी वायर सापडली. ३० मीटर लांब, दोन्ही टोकांना जॅक बसवलेले, वर छापलेलं 'कॅट ८'. सहापेक्षा आठ मोठा, म्हणून घेऊन टाकली. खरं तर कॅट ८ हा प्रकार डेटा सेंटरमधल्या जवळजवळच्या यंत्रांसाठी, ३० मीटरच्या आतल्या ४० गिगाबिट वेगासाठी असतो. ती वायर जाड असते, आत जाळीचं आवरण असतं. माझं कनेक्शन ३०० एमबीपीएसचं. त्याला साधी कॅट ५ई पुरते, तीही १०० मीटरपर्यंत. त्या रिबिनीवरचा आठ कुणी तपासून घातलेला नव्हता, आणि मीही तपासला नाही.

बारीक वायरीत तांबंही बारीकच असणार, हा साधा हिशेब डोक्यात आला नाही. गेजचा आकडा वाढेल तशी तार पातळ होते. नेहमीच्या लॅन वायरीतली २४ गेजची तार साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते, तर या चपट्या वायरींत बहुधा ३० किंवा ३२ गेजची, म्हणजे पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक. टेबलावरच्या दोन यंत्रांमध्ये ती चालते. घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला ती नव्हेच.

दुतोंडी टेप लावून मी ती भिंतीच्या कडेनं चिकटवत नेली. पांढऱ्या भिंतीवर पांढरी वायर खरंच दिसेना. पण सागवानी चौकटीवर तीच वायर लांबून डोळ्यात भरायची. माजघराच्या दाराखालून नेली, तिथं दार रोज तिच्यावर घासायचं. पाऊस सुरू झाला, भिंतींना ओल धरली आणि टेप चुन्याच्या पापुद्र्यांसकट सुटून आली. भिंत जागोजागी कोड आल्यासारखी दिसू लागली. आई काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

दरम्यान वेग शंभरच्या वर जाईना. दोष कंपनीचा, असं मी ठरवून टाकलं. ग्राहक सेवेतल्या मुलीशी कधी मराठीत, कधी मोडक्या कन्नडमध्ये भांडलो. त्यांचा माणूस येऊन सोप्यात वेग मोजून दाखवून गेला. तिथं ३०० पुरे मिळत होते. तरी मला संशय आला नाही. शेवटी सुट्टीला आलेल्या भाच्यानं लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एक आकडा दाखवला. लिंक स्पीड : १००. "मामा, तुझ्या वायरीतली एखादी जोडी तुटलीय."

वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. दाराखाली एक जोडी गेली, तेव्हा दोन्हीकडच्या यंत्रांनी गुपचूप खालचा वेग धरला. वायर पुरती तुटली असती तर मला त्याच दिवशी कळलं असतं. अर्धवट तुटली, म्हणून मी महिनोन्महिने लोकांशी भांडत राहिलो.

मग मी ठरवलं, आता गावातल्या दुकानातून सुटी वायर घ्यायची. तिथंही पहिला प्रश्न, "यात सगळ्यात बारीक कोणती?" दुसरा प्रश्न भावाचा. शुद्ध तांबं आहे का, हे विचारलंच नाही. जी मिळाली ती सीसीए, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या साधारण ६० टक्के, शिवाय तार ठिसूळ. जॅक बसवताना टोकं कटाकट मोडायची. याच वायरीतून परड्यातल्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा पुरवठा दिला होता. दिवसा कॅमेरा ठीक चालायचा. अंधार पडून त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. दिवे जास्त वीज ओढायचे आणि तेवढी वीज नेताना वायरीतच व्होल्टेज गळायचं. ब्लेडनं तार खरवडली असती तर आतला चंदेरी रंग दुकानातच दिसला असता.

याहून गंभीर गोष्ट वायरमनच्या बाबतीत घडली. ही वायर कुठून न्यायची, तर भिंतीत लाइटीच्या वायरींचा पाइप आधीच होता. बाहेर काहीच दिसणार नाही, म्हणून मी खुश. वायरमन म्हणाला, "ब्याड्री, नको. करंटच्या पाइपात ही घालायची नसते." मी त्याच्या मागेच लागलो, काही होत नाही म्हटलं, आणि त्यानं नाइलाजानं घातली. सिग्नलमध्ये अडथळा येतो हे त्यातलं किरकोळ कारण. खरा धोका वेगळा : लाइटीच्या वायरीचं आवरण कुठं खरचटलं, तर २३० व्होल्ट सरळ लॅपटॉपपर्यंत, म्हणजे हातापर्यंत येऊ शकतात. त्या माडीवर मुलगी अभ्यासाला बसायची. वायरमनला त्याचं काम कळत होतं, आणि मी पैसे देणारा म्हणून माझं चाललं. पुढं ती वायर काढायला मी त्यालाच बोलावलं. त्यानं काढली, आणि मला एका शब्दानंही टोकलं नाही.

निपाणीच्या मावसभावाचं नुकसान तर थेट माझ्या सल्ल्यानं झालं. त्याच्या घरामागं जुनी तंबाखूची वखार आहे, मध्ये मोकळं अंगण. वखारीतल्या ऑफिसात नेट हवं होतं. तोवर मी स्वतःला यातला जाणकार समजू लागलो होतो. "शुद्ध तांब्याची कॅट ६ घे, करड्या रंगाची, पत्र्याच्या कडेनं ने, कुणाला दिसणार नाही," असं मी छातीठोक सांगितलं. तांबं शुद्ध होतं, अंतर १०० मीटरच्या कितीतरी आत होतं. पण ती घरात वापरायची वायर. तिचं आवरण उन्हात तडकतं, उघड्यावर काळं पॉलिथिनचं आवरण लागतं. आणि वखारीचं वीजमीटर वेगळं, अर्थिंग वेगळं. दोन अर्थिंगांना तांब्यानं जोडलं की जवळपास वीज पडल्यावर निर्माण होणारा दाब त्याच वाटेनं धावतो. वळवाच्या एका पावसात कडाडलं आणि राउटर, स्विच, कॉम्प्युटरचं लॅनचं तोंड, सगळं एकदम गेलं. वीज त्याच्या घरावर पडलीही नव्हती.

तिथं आता फायबर आहे. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून दोन इमारतींमध्ये तीच बरी. पण त्यातही पाहून घ्यावं लागतं : खांबावरून ओढायच्या काही फायबरींना आधाराची पोलादी तार असते. ती असेल तर पुन्हा तेच दुखणं. तिथं एफआरपीच्या, म्हणजे धातू नसलेल्या काडीची फायबर घ्यायची. दोन्ही टोकांना फायबर लॅनला जोडणारे मीडिया कन्व्हर्टर लागतात, आणि एकाच धाग्यावर काम चालवायचं तर ते जोडीचे, ए आणि बी असे हवेत. फायबरचे पैसे मी देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. "नेटचं काय ते आता वायरमनला विचारतो," एवढंच म्हणाला.

आमच्या घरातली वायर शेवटी बायकोनं पहिल्या दिवशी सुचवलेल्या वाटेनं गेली. सोप्यातून वर, तक्तपोशीच्या माळ्यावरून माजघर ओलांडून, स्वयंपाकघराच्या तुळईच्या वरच्या अंगानं थेट माडीत. ही वाट लांब पडते म्हणून मी तेव्हा उडवून लावली होती. वायर १०० मीटर चालते, मला दहा-बारा मीटर वाचवायचे होते. नेहमीची गोल, शुद्ध तांब्याची कॅट ६ घेतली. माळ्यावर उंदीर, म्हणून तिथं पाइप. वळणं कोपऱ्यात दुमडून न करता गोलाईनं घेतली. जिथं ती उघडी पडते त्या थोड्या भागावर पीव्हीसीची पट्टी, तुळईच्या रंगानं रंगवलेली. वायर पूर्वीच्या दोन्हींपेक्षा जाड आहे, तरी आलेल्यांना दाखवल्याशिवाय सापडत नाही.

आता कुणी विचारलं तर मी आधी घराची वाट चालून बघायला सांगतो आणि सुतळीनं ती मोजायला सांगतो, वर दोन-तीन मीटर धरून. कोणती वायर, हे त्यानंतर. पाइप घालणार असाल तर वायरीबरोबर एक नायलॉनचा दोराही आत सोडून ठेवा, म्हणजे पुढं दुसरी वायर ओढायची झाली तर भिंत उकरावी लागत नाही. आमच्या पाइपात तो दोरा नाही. वायरमननं विचारलं होतं. मी म्हटलं, आता आणखी कशाला लागतोय.