वर्गाबाहेर

"सर, मला वाटलं, आता यायचंच नाही."

२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले, त्या आठवड्यात माझ्या वर्गातली एक मुलगी हे म्हणाली. रागानं नाही, रडून नाही. म्हणूनच ते अजून टोचतं.

मी पाटण तालुक्यातल्या एका शाळेत दहावीला गणित शिकवतो. त्या वर्षी कोरोनामुळं शाळा मोबाईलवर आली, ते सगळ्यांनीच पाहिलंय. ऑगस्टमधली एक सकाळ मात्र सांगायलाच हवी.

समरूपतेचा धडा चालू होता. स्क्रीनवर बत्तीसपैकी एकोणीस मुलं, बहुतेकांच्या जागी नुसती आद्याक्षरं. मी मुलांच्या तोंडाकडं बघून शिकवणारा माणूस. कपाळावर आठी दिसली की थांबतो, उदाहरण बदलतो. इथं काहीच दिसेना, म्हणून नियम केला: कॅमेरा चालू पाहिजे. तिचा बंद होता. दोनदा सांगितलं, उत्तर नाही. तिसऱ्यांदा मी तिला काढून टाकलं. नुसतं एक बोट लावलं.

शाळेत मी कितीतरी पोरांना वर्गाबाहेर उभं केलंय. पण व्हरांड्यातल्या पोराला शिकवणं ऐकू येतं, खिडकीतून फळा दिसतो, पाच मिनिटांनी 'ये आत' म्हणता येतं. इथं बाहेर म्हणजे कुठं? तिचा चौकोन गेला, बाकीचे सरकले, तिची जागा भरून निघाली आणि मी प्रमेयाकडं वळलो. 'ये आत' म्हणायचं राहूनच गेलं. तीन महिने राहून गेलं.

तिच्या घरात फोन एकच. बारावीतल्या भावाचे तासही त्याच्यावरच. दिवसाला दीड जीबी डेटा, कॅमेरा लावला की भावाच्या तासाला उरायचा नाही. हे सगळ्या वर्गादेखत सांगायला पंधरा वर्षांची मुलगी धजावेल कशी? मी संध्याकाळी एक फोन केला असता, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

पुढं मी पाच-सात मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवू लागलो. वहीचे फोटो मागवून चुका दाखवायच्या, रोज चार मुलांना फोन करायचा. ऑनलाइन शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी विचारावं, 'फोन कुणाचा आहे, आणि तुझ्या हातात कधी येतो?' गणित त्यानंतर.

२०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीचे ५०, दहावीच्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकाचे २० गुण धरायचे ठरले. माझ्या विषयाचे ते वीस मीच द्यायचे होते. नोंदवही उघडली, तर तिच्या नावापुढं माझ्याच अक्षरात 'गैरहजर, गैरहजर'. मीच काढलेली मुलगी! नंतरच्या वह्या बघून मी तिला गुण दिले. तो न्याय होता की भरपाई, मला सांगता येत नाही.

आणि तरीही, चेहऱ्याशिवाय शिकवणं मला आजही जमत नाही. मध्यंतरी अतिवृष्टीच्या सुट्टीत ऑनलाइन तास घेतला, तर तोंडातून गेलंच, "कॅमेरे लावा रे." दोघांनी लावले नाहीत. मी तास पुढं नेला आणि संध्याकाळी दोघांना फोन केला. एकाचा लागला. दुसऱ्याचा लागला नाही.